पाडव्याला काढलेलं लोढणं

आमच्या तांबडीच्या गळ्यात बाभळीचं लोढणं होतं. हल्लीच्या मुलांनी हा शब्द बोलण्यातच ऐकलेला असतो, वस्तू पाहिलेली नसते, म्हणून सांगते. पळपुट्या गुराच्या गळ्यात दोराने लाकडाचा ओंडका बांधतात, गुडघ्याच्या जरा खाली लोंबेल असा. जनावर चालतं तेव्हा तो डुलत पायांना नुसता ठक ठक लागतो. धावलं की पुढच्या पायांच्या नडग्यांवर आपटतो. चार टोले बसले की जनावर आपण होऊन थांबतं.

तांबडी आली कुहीजवळच्या माझ्या आईच्या माहेराहून. धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेली गाय शहरात, गांधीबागेमागच्या आमच्या बोळात येऊन उभी राहिली आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा भाजीचा ठेला पाहिला. त्यानंतर तिला दुसरं काही सुचेना. दावं तोडून ती ठेल्यामागे धावायची. मारकी नव्हती, शिंग तिने कधी कुणाला लावलं नाही. पण मध्ये कोण आहे हे बघायची तिची पद्धत नव्हती. एकदा एका सायकलवाल्याला तिने सायकलीसकट नालीत बसवलं. कोंडवाड्यातही जाऊन आली. कोंडवाड्यातून सोडवून आणल्यावर आईने माहेराहून ओंडका मागवला, स्वतः कोयत्याने तासला, तापलेल्या सळईने भोक पाडलं आणि दोर ओवून तांबडीच्या गळ्यात घातला. बाबा मालगाडीवर गार्ड होते, घरात कमी आणि गाडीत जास्त. गाय, गोठा आणि बोळातली भांडणं हे सगळं खातं आईकडे होतं.

आमच्या समोर विणकरांचं घर होतं. काका आणि काकू, त्यांना मूलबाळ नाही, आणि काकांचा धाकटा भाऊ, जो गिरणीत कामाला होता. त्याला सगळा बोळ नुसता भाऊ म्हणायचा. काका खड्ड्याच्या मागावर नऊवारी लुगडी विणत. सकाळी मी अभ्यासाला बसले की समोरून मागाची खटखट सुरू व्हायची. तिच्या तालावर मी पाढे पाठ केले आहेत आणि ते अजून विसरलेले नाहीत, एवढंच त्या अभ्यासाबद्दल चांगलं बोलता येईल.

काका विणत, पण कांड्या काकू भरत. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. धोटा इकडून तिकडे धावतो तसं कांडीतलं सूत सुटत जातं आणि कापड बनतं. काकू जमिनीवर बसून उजव्या हाताने रहाट फिरवत आणि डाव्या हाताच्या चिमटीतून सूत सोडत. कांडी संपली की माग थांबतो. म्हणून मागावर काका दिसत असले तरी घर काकूच्या मनगटावर चालतं, हे बोळातल्या लहान मुलालाही ठाऊक होतं.

त्या घराचा आणि आमच्या तांबडीचा एक करार होता. काकू खळ लावलेलं सूत बोळात वाळत घालायची. संध्याकाळी गुरं राखणारा गोवारी गाई परत आणायचा, तेव्हा बोळाच्या टोकाकडून लोढण्याची ठक ठक यायची. ती ऐकली की काकू आतूनच ओरडायची, "आली वं माय महाराणी!" आणि पाठमोरी असली तरी बाजूला व्हायची, सूत उचलायची. लोढणं गाईच्या पायांसाठी होतं, पण आमचा बोळ ते कानाने वापरायचा.

मी सातवीत होते त्या वर्षीची दिवाळी. पाडव्याच्या दिवशी आमच्याकडे गाईंचा मान असतो. गोवारी कवड्यांनी मढवलेला झगा घालून, ढोल घेऊन येतो आणि घरोघरच्या सजवलेल्या गाई मैदानाकडे नेतो. आईने पहाटेच तांबडीला धुतलं. शिंगांना गेरू लावला, अंगावर हाताचे पंजे उमटवले, गळ्यात झेंडूचा हार घातला. आणि लोढणं काढलं.

हे तिच्या माहेरचं होतं. पाडव्याला जनावराच्या गळ्यात ओझं ठेवायचं नाही. दावं सैल, लोढणं खाली, मानेवर फक्त हार. तिच्या गावात ते ठीकच होतं. तिथे गाय सुटली तरी बांधीत पळेल, फार तर कुणाच्या लाखोळीच्या पिकात शिरेल. आमच्या बोळात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागे. गावाकडून गाय आणली आणि तिच्यासोबत गावचा नियमही आणला. बोळाची रुंदी कोणी मोजली नाही.

आईने तांबडीला बाहेर काढलं, दावं हातात होतं. काकू आपल्या दारासमोर वाकून रांगोळी काढत होती, पाठ आमच्याकडे. भाऊला सणाची सुटी होती. त्याने त्याच वेळी बोळाच्या मधोमध सुतळी बॉम्ब लावला. आवाज एकच झाला, पण भांड्यांची उतरंड कोसळावी तसा बोळभर घुमला. आईच्या हातातलं दावं सुर्रकन गेलं. तांबडी धावली, आणि धावताना तिच्या पायांकडून काहीच आवाज आला नाही. काकू हलली नाही. गाय ओटा आणि काकू यांच्यामधून निघू पाहत होती, तेवढी जागा नव्हती. काकू पडली ती ओट्याच्या दगडी कडेवर, उजवा हात अंगाखाली.

तिला उठवलं तेव्हा ती रडली नाही. मनगटाकडे बघत म्हणाली, "ठकठक कशी नाई आली? मले वाटलं, तांबडी खुंट्यालेच आहे."

सरकारी दवाखान्यातून काकू हाताला प्लास्टर घालून परत आली. तांबडी तोवर कोपऱ्यावरच्या ठेल्यावरचा पालक खाऊन स्वतःच घरी आली होती, हार अजून गळ्यात.

भाऊ आमच्या दारात येऊन उभा राहिला. "वहिनी, सणाच्या दिवशी बोलत नाही. पण नोटीस येईन म्हणजे येईन. जनावर पोसता तर सांभाळता आलं पायजे."

आई म्हणाली, "हाव, खरं आहे." भाऊ भांडायच्या तयारीने आला होता, त्याची पंचाईत झाली. तो आल्या पावली परत गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. माझा मामा त्याच वर्षी वकील झाला होता. काळा कोट घेऊन दीड-दोन महिने कोर्टाच्या व्हरांड्यात हिंडत होता, पण अशील अजून सापडायचा होता. ओवाळणी झाली आणि आईने त्याला सांगितलं काय झालं ते. मामाच्या चेहऱ्यावर बहिणीची काळजी होती हे खरं, पण त्याखाली जरा आनंदही होता. पहिली केस घरातच निघाली होती.

तो मांडी घालून सांगू लागला. "कायदा असा आहे ताई. तू वाघ पाळला, अस्वल पाळलं, अन् ते सुटून कोणाले इजा झाली, तर विचारायचं कामच नाही, मालक जबाबदार. पण गाय, बैल, कुत्रा ही गरीब जनावरं. त्यांच्या बाबतीत कोर्ट एकच पाहते. हे जनावर खोडीचं आहे, हे मालकाले आधी ठाऊक होतं काय? ठाऊक नव्हतं तर मालक सुटला. ठाऊक असून मोकळं सोडलं तर अडकला."

"मंग मी अडकली," आई म्हणाली.

"अशी कशी अडकली? तुले ठाऊक होतं हे त्याहीले सिद्ध करावं लागन." मामाने अनारसा तोंडात टाकला आणि त्याची नजर गोठ्याच्या खुंटीवर गेली. खुंटीला लोढणं टांगलेलं होतं. तो चावायचा थांबला.

"ताई, ते काय आहे?"

"लोढणं. तूच तर आणून दिलं, गावावरून."

"मी?"

"बैलगाडीत कोण घेऊन आलं होतं? तूच."

मामाने डोक्याला हात लावला. "आधी ते खाली काढ. कोर्टात याले कबुलीजबाब म्हणतात. गाय पळते हे ठाऊक असल्याशिवाय कोणी गळ्यात ओंडका बांधते काय? घाल चुलीत."

"बह्याड आहेस काय रे? सारा बोळ रोज पाहून राहिला. तुह्या कोर्टात काय आंधळे बसतात?"

"पाहणं वेगळं अन् कोर्टात उभं राहून सांगणं वेगळं. बोळातलं कोणी येणार नाही. अन् दुसरी गोष्ट, बॉम्ब कोणी लावला? तिच्याच दिरानं. हे मी असं धरतो की पाहतच राहशील. तू फक्त म्हण, माही गाय गरीब आहे, असं कधी झालं नाही."

माझी आई देवमाणूस वगैरे नव्हती. तिने खुंटीवरून लोढणं काढलं आणि सरपणाच्या ढिगात टाकलं. जाळलं नाही, पण वर दोन गोवऱ्या ठेवल्या. मी पाहत होते. तिने मला काही सांगितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. आमच्या घरात ही चांगली सवय होती.

सण संपल्यावर समोरचा माग सुरू झाला. खटखट ऐकून आई जरा सुटल्यासारखी झाली. "चाला, काम चालू झालं," असं ती स्वतःशीच म्हणाली. पण मागावर चढलेलं लुगडं लग्नाचं होतं. गांधीबागेतल्या व्यापाऱ्याने रेशीम दिलं होतं आणि तुळशीचं लग्न लागायच्या आत त्याला लुगडं हवं होतं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात, आणि वेळेवर लुगडं न देणाऱ्या विणकराला व्यापारी पुढच्या वेळी रेशीम देत नाही. ते घर त्या एका व्यापाऱ्यावर चाललं होतं. आजूबाजूच्या विणकरांच्या बायका स्वतःच्याच कांड्यांत बुडालेल्या होत्या. मोसमाच्या तोंडावर कोणाचे हात मोकळे नसत.

दुपारी आई भाकरी थापत होती. समोरची खटखट थांबली. ती अशी मध्येच थांबायची, कधी धागा तुटे, कधी काका पाणी पीत. आई थापता थापता थांबली आणि ऐकत राहिली. तव्यावरची भाकरी करपली. खटखट पुन्हा सुरू झाली नाही. काकूने सणाआधी भरून ठेवलेल्या कांड्या संपल्या होत्या.

आई उठली, गोवऱ्या बाजूला केल्या, लोढणं काढलं, पदराने पुसलं आणि जाऊन पाडव्यापासून गोठ्यातच बांधून ठेवलेल्या तांबडीच्या गळ्यात बांधून आली. मग करपलेली भाकरी उचलून गाईला दिली आणि दुसरी थापायला घेतली.

संध्याकाळी मामा कोर्टातून थेट आला, कारण भाऊने सकाळी गिरणीत जाताना सांगितलं होतं की आज बसून काय तो निकाल लावू, नाहीतर वकिलाकडे जातो. सगळे समोरच्या ओट्यावर जमले. काका खांबाला टेकून बसले. ते एरवीही बोलत नसत. काकू दारात, हात गळ्यातल्या फडक्यात.

मामाने सुरुवातच बॉम्बने केली. "गर्दीच्या बोळात, जनावर जवळ असताना, असला मोठा फटाका लावणं हा स्वतःच गुन्हा होऊ शकते. गाय बिथरली तर तिचा काय दोष?"

भाऊ उसळला. "दिवाळीत फटाके नाई लावायचे तर काय होळीत लावायचे? अन् लोढणं काहून काढलं ते सांगा!"

"कोणतं लोढणं?" मामा म्हणाला.

नेमकी त्याच वेळी तांबडीने आमच्या गोठ्यात माश्या वारायला मान झटकली. ठक. सगळ्यांनी वळून पाहिलं. मामानेही पाहिलं. मग त्याने आईकडे पाहिलं. आई पदर नीट करत होती.

"ते," भाऊ म्हणाला.

काकूला हसू आलं, आणि हसल्यामुळे हात दुखला, म्हणून ती चिडली. "तुमी दोघंही गप बसा गा. याने बॉम्ब लावला, हिने लोढणं काढलं, गाईने ढकललं, अन् मी भर रस्त्यात वाकली होती, माहीही चूक लिहून घ्या. सारं लिहून झालं का? आता सांगा, माह्या कांड्या कोण भरते?"

कायद्याच्या दोन्ही बाजू संपल्या होत्या.

"मी भरतो," आई म्हणाली.

"तुले येते?"

"नाई येत."

"मंग?"

"शिकवा."

मामा तिच्या कानाशी वाकला, पण वकिलाचं कुजबुजणं सगळ्यांना ऐकू जातं. "ताई, तू कांड्या भरल्या तर जबाबदारी मान्य केल्यासारखं होते."

"मान्यच आहे ना. ते सोड, आता मले सांग, सकाळी तू दूध काढायले येशील काय?"

काकूने भाऊकडे बोट केलं. "तो काढन. बॉम्ब लावता येते, तर धार काढता येईन. तांबडीचं चारापाणी, सारं त्याच्याकडे."

"मी? गिरणीतून आल्यावर?"

"नाई, जायच्या आधी."

असा आमच्या बोळाचा निकाल लागला.

आईच्या पहिल्या कांड्या भयंकर होत्या. सूत कुठे घट्ट, कुठे ढिलं. धोटा फेकला की कांडीवरचा अर्धा थर एकदम निसटायचा आणि रेशमाचा गुंता व्हायचा. काकांनी एक कांडी हातात धरून बराच वेळ पाहिली आणि त्या वर्षातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य बोलले, "सूनबाई, ही कांडी आहे का वांगं?" काकू शेजारी बसून डाव्या हाताने दाखवायची, "चिमटी सोडू नको वं, चिमटी! भाकर नाई थापून राहिली तू." आई दात दाबून पुन्हा रहाट फिरवायची. समोर भाऊ गोठ्यात तांबडीशी भांडत असायचा. तांबडीने त्याची बादली लाथाडली की दोन्ही घरं खूष व्हायची. घरातल्या भाकरी माझ्याकडे आल्या. त्यांचा आकार काही दिवस त्या कांड्यांसारखाच होता, आणि त्यावर बोलायचा अधिकार कोणालाच नव्हता.

मग एका दुपारी माझ्या लक्षात आलं की माग बराच वेळ थांबलेलाच नाही. मी मुद्दाम ऐकलं. खटखट चालूच होती. आई रहाटावर वाकलेली, काकू भिंतीला टेकून डुलकी घेत होती. शिकवायचं काम संपलं होतं.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी लुगडं मागावरून उतरलं. काकांनी ते उजेडात धरलं आणि मग एका जागी बोट ठेवलं. तिथे आडव्या धाग्यांत पुसटशी पट्टी होती, सैल कांड्यांची. "ही तुमची," ते आईला म्हणाले. व्यापाऱ्यालाही ती दिसली असणार. पण त्याने लुगडं घेतलं आणि नवं रेशीम दिलं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

काकूचं मनगट मात्र थोडं वाकडंच जुळलं. ते कांड्या भरून सरळ होत नाही. थंडीत दुखायचं आणि दुखलं की ती खिडकीतून ओरडायची, "तांबडे, तुह्या नावानं खडे फोडून राहिली वं!" आई तो हिवाळाभर जेवणं आटोपली की समोर जात राहिली, आणि काकूच्या हातात जोर आल्यावरही दुपारची जातच राहिली. सवय झाली म्हणायची.

मला त्या दुपारी आठवतात. फार गोड होत्या असं नाही. रहाटाची करकर, खळीचा आंबूस वास, काकूचे टोमणे. मी ओट्यावर बसून शाळेचा अभ्यास करायची आणि माझ्या वहीवर सुताचे बारीक तूस येऊन पडायचे. पुढे गिरण्यांच्या आणि यंत्रमागाच्या लुगड्यांनी तो माग बंद पाडला. तांबडी म्हातारी होऊन गेली, माझं लग्न झालं. आता मी मनीषनगरात राहते. मागच्या वर्षी इथल्या एका बंगल्यातला कुत्रा सुटला आणि शेजारच्या बाईंच्या पोटरीला चावला. दोन्ही घरांचं कुंपण एकच आहे. नोटीस मात्र पोस्टाने आली, आणि उत्तरही पोस्टाने गेलं. कायद्याने ते बरोबर असेल. मामा आता मोठा वकील आहे, त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "बरोबरच आहे. तुझ्या आईसारखे अशील असते तर मी उपाशी मेलो असतो."

पुढचा पाडवा आला तेव्हाचं सांगते आणि थांबते. आईने तांबडीला धुतलं, शिंगांना गेरू लावला, हार घातला. मग गळ्यातल्या लोढण्याला हात लावून ती बराच वेळ उभी राहिली. माहेरचा नियम तिच्या हातात भिनलेला होता. शेवटी तिने लोढणं खाली घेतलं, घासून धुतलं, त्यालाही गेरूचे पट्टे ओढले, झेंडूची एक माळ गुंडाळली आणि परत गळ्यात बांधलं.

गोवारी ढोल थांबवून म्हणाला, "बाई, आज लोढणं?"

"त्याचाही सण आहे," आई म्हणाली.

समोर भाऊने दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. "पाहून घ्या, रिकामे आहेत!" तांबडी निघाली, ठक ठक, आणि ते ऐकून काकू हातातलं तबक घेऊन ओट्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. गाय समोर येऊन थांबली तेव्हाच ती खाली उतरली. तबक डाव्या हातात होतं. उजव्या, जरा वाकड्या हाताने तिने तांबडीच्या कपाळाला कुंकू लावलं. मग खाली वाकून लोढण्यालाही लावलं, आणि वाकण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं.